तव्यावरची तंबाखू : मशेरीविषयी शासकीय संशोधन काय सांगते

बाजारात मिळणाऱ्या वस्तूची परीक्षा दोन ठिकाणी होत असते. पहिली परीक्षा गिऱ्हाईक करते. रंग, वास, चव आणि किंमत पाहून ते वस्तू पसंत करते किंवा नाकारते. दुसरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. जे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला जाणवत नाही आणि ज्याचा परिणाम वीस-पंचवीस वर्षांनी प्रकट होतो, ते पहिल्या परीक्षेत सापडणे शक्य नसते. यास्तव नित्य वापराच्या वस्तूंतील विषारी घटक शोधून काढणे, त्यांचे मोजमाप करणे आणि त्या आधारे कायदा करणे हे लोककल्याणकारी शासनाचे एक कर्तव्य मानले गेले आहे. हे कार्य कसे चालते, त्यातून काय निष्पन्न होते आणि ते कोठे अपुरे पडते, हे एकाच वस्तूच्या उदाहरणाने समजून घेणे सोपे जाईल. ती वस्तू म्हणजे मशेरी.

दोन प्रांतांच्या सवयी, एक गल्ली

बडोदे, म्हणजेच आजचे वडोदरा, या शहराच्या जुन्या भागात मांडवीच्या परिसरात घडियाळी पोळ आहे. अरुंद गल्ली, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि खाली दुकाने, अशी या जुन्या वस्तीची रचना. गायकवाडांच्या राजवटीत महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबे बडोद्याच्या पोळांतून पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शेजाऱ्यांसमवेत राहत आली. घरात मराठी आणि दुकानात गुजराती, हा येथील परिपाठ. भाषा, सण आणि स्वयंपाक यांची जशी देवघेव झाली, तशीच व्यसनांचीही होऊ शकते. मशेरी महाराष्ट्राची. दातांना लावण्याची कोरडी तपकीर, जिला गुजरातेत ‘बजर’ म्हणतात, ती गुजरातेतील स्त्रियांची. सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र मळून केलेला ‘मावा’ पानाच्या गल्ल्यावरचा, आणि त्याचाच भाऊबंद विदर्भातील ‘खर्रा’. नावे वेगळी, घरे वेगळी, पण पदार्थ एकच, तो म्हणजे तंबाखू. घडियाळी पोळेसारख्या संमिश्र वस्तीत या सर्व सवयी शेजारी शेजारी नांदू शकतात. म्हणून या विषयाचा विचार करताना महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतील संशोधनाकडे पाहणे आवश्यक आहे. सुदैवाने दोन्हीकडे असे संशोधन झाले आहे.

मशेरी म्हणजे काय?

मशेरी, मिसरी किंवा मिश्री या नावांनी ओळखली जाणारी ही वस्तू करण्याची रीत साधी आहे. तंबाखूची पाने किंवा चुरा तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकतात आणि काळा पडेपर्यंत भाजतात. नंतर तो बारीक कुटून डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्यावर चिमूटभर भुकटी बोटावर घेऊन दात व हिरड्यांवर घासावयाची, काही वेळ तशीच ठेवावयाची आणि मग तोंड धुवावयाचे. आरंभी ती दंतमंजन म्हणून घरात येते. दात स्वच्छ होतात, दाढदुखी थांबते, सकाळी पोट साफ होते, अशी समजूत असते. परंतु पुढे दिवसातून एकदाचे दोनदा आणि दोनदाचे चारदा केव्हा झाले, हे लावणारीच्या ध्यानात येत नाही. याचे कारण तंबाखूतील निकोटीन. तोंडाच्या नाजूक आतील त्वचेतून ते रक्तात जाते आणि मेंदूला त्याची सवय लागते.

विडी किंवा गुटख्याप्रमाणे मशेरीकडे ‘व्यसन’ म्हणून पाहिले जात नाही. चारचौघांत विडी न ओढणारी स्त्री मशेरीची डबी मात्र चुलीशेजारी उघडपणे ठेवते. सासूची डबी सुनेकडे आणि आईची लेकीकडे येते. हेच या वस्तूचे वैशिष्ट्य आणि हाच तिचा धोका.

संशोधनाचा आरंभ : डॉ. खानोलकर

तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध जोडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासमवेत १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींशी निगडित असलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यात वर्णिले होते. पेटते टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणाऱ्यांना टाळूला होणारा कर्करोग, खैनी ओठामागे धरणाऱ्यांना ओठाला होणारा कर्करोग आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने कमरेला होणारा कर्करोग, असे हे तीन प्रकार. ज्या जागी वस्तूचा स्पर्श, त्याच जागी रोग, हे सूत्र त्यातून स्पष्ट झाले.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुढे टाटा स्मारक रुग्णालय केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र बनले. मशेरीची रासायनिक तपासणी पुढे याच केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत झाली.

गावोगावचे सर्वेक्षण

रुग्णालयात येतो तो रोगी. तेथे शंभर रोग्यांपैकी ऐंशी तंबाखू खाणारे निघाले, तरी एखादा शंकेखोर विचारील की, गावात तंबाखू खाऊनही निरोगी राहिलेले किती आहेत? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गावात गेल्याखेरीज मिळत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली हेच केले. १९६६-६७ च्या सुमारास देशातील पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासण्यात आली. या पाच जिल्ह्यांत गुजरातमधील भावनगर होता. दुसरे मोठे सर्वेक्षण महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात झाले. त्यात १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि त्याचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक माणसांना एकेक करून तोंड उघडावयास लावणे, बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू, जीभ आणि टाळू पाहणे, आणि काय खाता, काय ओढता, किती वर्षे, हे विचारून लिहून घेणे, हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना खेड्यात लसीकरण वा शिरगणतीचे काम केलेल्या शिक्षकांना सहज येईल.

या सर्वेक्षणांचा निष्कर्ष असा की, तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी उमटणारे पांढरे चट्टे हे जवळजवळ सर्वस्वी तंबाखूचा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात वापर करणाऱ्यांतच आढळले. पुणे जिल्ह्यातील पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. पुरुषांत मशेरीचा वापर नगण्य होता, तर स्त्रियांत तो मोठ्या प्रमाणावर होता. जी वस्तू पुरुषांच्या गप्पांत आणि सरकारी कागदांत ‘तंबाखू’ म्हणून मोजलीही जात नव्हती, ती घराघरांतील स्त्रिया रोज तोंडात ठेवीत होत्या.

भावनगरची कथा एवढ्यावर संपत नाही. १९६७ मध्ये तेथील पुरुष प्रामुख्याने विडी आणि ‘हुकली’ नावाची मातीची चिलीम ओढत. सुपारीमुळे होणारा, तोंडाची आतील त्वचा आखडून जबडा उघडेनासा करणारा रोग त्या वेळी तेथे अत्यंत विरळ होता. १९९३-९४ मध्ये संशोधक पुन्हा त्या जिल्ह्यातील गावांत गेले, तेव्हा तरुणांत माव्याची सवय पसरलेली होती आणि हा रोग कित्येक पटींनी वाढलेला होता. पाव शतकात एक नवी वस्तू आली आणि तिच्या पावलांवर पाऊल ठेवून नवा रोग आला. पूर्वीची नोंद असल्यामुळेच ही वाढ दिसली. सर्वेक्षणाची वही ही गावाच्या आरोग्याची जमाखर्चाची वही असते, ती अशी.

प्रयोगशाळेत काय आढळले?

सर्वेक्षण रोग आणि सवय यांचा संबंध दाखवते. परंतु त्या सवयीच्या वस्तूत नेमके विष कोणते, हे रसायनशास्त्रज्ञाने सांगावयाचे असते. १९८० च्या दशकात कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीसह अनेक भारतीय तंबाखू पदार्थांची तपासणी केली. त्यांच्या आणि इतर संशोधकांच्या कार्यावरून तीन मुख्य घटक ध्यानात घ्यावयाचे आहेत.

पहिला घटक निकोटीन. याने कर्करोग होतो असे नाही, परंतु सवय लागते ती यानेच. रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदयाचे ठोके वाढतात. तंबाखूत चुना मिसळला की निकोटीन अधिक वेगाने शोषले जाते. तंबाखू मळताना चुना का लागतो, याचे रासायनिक कारण हे आहे.

दुसरा घटक नायट्रोसमाइन. तंबाखूचे पान सुकवताना, आंबवताना आणि साठवताना निकोटीन व तत्सम द्रव्यांपासून ही संयुगे तयार होतात. त्यांतील दोन प्रमुख संयुगांना, तसेच धूरविरहित तंबाखूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मनुष्यात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे. तंबाखू नसलेल्या सुपारीलाही त्याच गटात टाकण्यात आले आहे, हे मावा वा सुगंधी सुपारी खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरा घटक बेन्झोपायरीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये. मशेरीचे वेगळेपण येथे आहे. कोणताही वनस्पतिजन्य पदार्थ अर्धवट जळाला की ही द्रव्ये निर्माण होतात. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला बसणाऱ्या काजळीत ती असतात आणि विडीच्या धुरातही असतात. अठराव्या शतकात, १७७५ साली, इंग्लंडमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे दाखवून दिले होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजणे म्हणजे तिच्या मूळ विषात काजळीचे विष घालणे होय. ‘भाजली म्हणजे तंबाखूतला कडकपणा जळून गेला’ ही समजूत किती उलटी आहे, हे यावरून कळेल.

अशा पदार्थाची परीक्षा कशी करतात, हेही थोडक्यात पाहू. प्रथम पदार्थाचा अर्क काढून त्यातील द्रव्ये वेगळी करतात व त्यांचे वजन ठरवतात. नंतर तो अर्क विशिष्ट जिवाणूंवर टाकून त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतो काय ते पाहतात. त्यानंतर उंदरांसारख्या प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग करतात. मशेरीच्या प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक परिणाम आढळला, तो सौम्य स्वरूपाचा होता, असे संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले.

‘सौम्य’ या शब्दाने कोणी निर्धास्त होऊ नये. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. मशेरी लावणारी स्त्री ती तीस-चाळीस वर्षे, दिवसातून अनेकदा लावते. प्रयोगशाळेतील परीक्षा विषाची जात सांगते, आणि मनुष्यावर होणारा परिणाम गावातील पाहणी सांगते. दोन्हींची साक्ष एकमेकींना पूरक असेल तेव्हाच शास्त्र निर्णय देते. तंबाखूच्या बाबतीत ती तशी आहे.

पोटातील बालकावर परिणाम

मशेरीचा सर्वांत दुःखद परिणाम जिने ती लावली तिच्यापुरता राहत नाही. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा गर्भारपणापासून प्रसूतीपर्यंत मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी तो केला होता. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत मशेरी लावणाऱ्या प्रामुख्याने होत्या. इतर कारणांचा हिशेब वजा करूनही तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली.

१०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु ज्या मातेला पुरेसे अन्न मिळत नाही, जिचे रक्त कमी आहे, तिच्या बाळाचे वजन मुळातच काठावर असते. अडीच किलोच्या रेषेवर असलेले बालक त्या रेषेखाली ढकलावयास शंभर ग्रॅम पुरतात. अंगणवाडीच्या तराजूवर ज्यांनी बालके तोलली आहेत, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको. सकस आहारासाठी शासन आणि कुटुंब जो खर्च करते, त्यातील काही भाग रोज सकाळी ही चिमूटभर काळी भुकटी हिरावून घेत असते.

शेतात काम करणाऱ्यांचा प्रश्न

बडोद्यापासून जवळच असलेला चरोतर प्रदेश विडी-तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९६६ पासून कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करीत आहे. तंबाखूच्या ओल्या पानांत काम करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी आणि अशक्तपणा का येतो, याचा शोध या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घेतला. ओल्या पानावरील निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते, असे दिसून आले. ज्या वस्तूला नुसता हात लावल्याने धडधाकट मजुराला चक्कर येते, ती हिरडीवर घासून ठेवल्यास काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

संशोधनातून कायदा

आता या संशोधनाचे फलित काय, ते पाहू. तंबाखूविषयक कायद्याचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१९७५ च्या केंद्रीय कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे झाले. विडी, मशेरी, तपकीर यांचा त्यात समावेश नव्हता.

१९९२ मध्ये केंद्र शासनाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अधिसूचना काढून दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. उत्पादकांनी तिला आव्हान दिले, परंतु १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली. मशेरीच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय, कारण तंबाखू हे दात घासण्याचे द्रव्य नव्हे, हे तत्त्व त्यामुळे कायद्याने मान्य झाले.

२००२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मात्र २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखू पदार्थांविषयीचा सर्वंकष केंद्रीय कायदा झाला होता. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करणे गुन्हा ठरले.

२०११ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत, कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन असता कामा नये, अशी तरतूद झाली. तिच्या आधारे २०१२ मध्ये महाराष्ट्राने आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरपासून गुजरातने गुटख्यावर बंदी आणली. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्यासाठी राखावा लागतो. २०१९ मध्ये तंबाखू पदार्थांच्या परीक्षणासाठी नोएडा, मुंबई व गुवाहाटी येथे राष्ट्रीय प्रयोगशाळा कार्यान्वित करण्यात आल्या.

परीक्षणाची गरज कायदा झाल्यानंतरही संपत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थेतील एका अभ्यासात, बंदी असतानाही बाजारातील काही दंतमंजने व पेस्ट यांत निकोटीन आढळून आले होते. नमुना घेऊन तपासणारा कोणी नसेल, तर कायदा कागदावर राहतो.

कायदा कोठे थांबतो?

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. बडोद्यात गुजरात शासनाची अन्न व औषध प्रयोगशाळा आहे. दुकानातील तेल, तिखट, मिठाई वा औषध यांचा नमुना निरीक्षकाने घेतला की तो अशा प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो आणि दोषी विक्रेत्यावर खटला भरता येतो. महाराष्ट्रातही हीच व्यवस्था आहे. या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वस्तू कोणीतरी तयार केली, वेष्टनात भरली आणि विकली.

घरी भाजलेल्या मशेरीला उत्पादक नाही, वेष्टन नाही आणि विक्रेताही नाही. त्यामुळे धोक्याचे चित्र छापावयास जागा नाही आणि नमुना घ्यावयास दुकान नाही. साधी पानतंबाखू पुडीतून आणली जाते, तेव्हा ती कायदेशीरच असते. तिची मशेरी होते ती स्वयंपाकघरात. टूथपेस्टमधून १९९२ साली हद्दपार झालेली तंबाखू तव्यावरून पुन्हा दातांवर येते आणि तिला अडवणारा निरीक्षक कोणत्याही शासनाकडे नाही, असूही नये. घरातील चुलीपर्यंत शासनाचा हात पोहोचावा, असे कोणी म्हणणार नाही. तेथे पोहोचू शकते ते केवळ ज्ञान.

ज्ञानाने फरक पडतो काय? पडतो, आणि हेही संशोधनाने सिद्ध झाले आहे. भावनगरसह तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या ग्रामस्थांना संशोधकांनी प्रत्यक्ष भेटून, चित्रे व चित्रपट दाखवून आणि आकाशवाणी व वृत्तपत्रे यांच्या साहाय्याने सवय सोडण्याचा सल्ला दिला. त्यांची तोंडे पुनःपुन्हा तपासली. त्याचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध झाला. सल्ला मिळालेल्यांत सवय सोडणाऱ्यांचे वा कमी करणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे पांढरे चट्टे कमी प्रमाणात उद्भवले. म्हणजे समजावून सांगणे हाही एक उपचार आहे आणि त्याचा गुण मोजता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आमच्या आजींनी सारा जन्म मशेरी लावली आणि त्या ऐंशी वर्षे जगल्या. मग धोका कसला?

उत्तर : आजींना दीर्घायुष्य लाभले ही आनंदाची गोष्ट. परंतु पूर आलेली नदी पोहून एक जण पार झाला, म्हणून ती सर्वांना सुखरूप पार नेते असे होत नाही. याचसाठी एका घराऐवजी एक लाख माणसांची पाहणी करावी लागली.

प्रश्न : मशेरीने दाढदुखी थांबते, हे खोटे आहे काय?

उत्तर : ठणका काही काळ जाणवेनासा होतो, कारण निकोटीनमुळे संवेदना दबते. कीड मात्र आत वाढत राहते. दुखऱ्या दाताला दंतवैद्य हवा.

प्रश्न : बंद केल्यावर डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. मग सोडावी कशी?

उत्तर : ही निकोटीनच्या सवयीची लक्षणे आहेत. पहिले काही दिवस ती तीव्र असतात आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतात. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि फळे घ्यावीत. मशेरीच्या वेळी साधे दंतमंजन व ब्रश वापरावा, हाताला दुसरे काम द्यावे. मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रश्न : तीस वर्षे लावली, आता सोडून काय उपयोग?

उत्तर : उपयोग आहे. सोडल्यापासून धोका कमी होऊ लागतो, आणि पुष्कळदा सुरुवातीचे चट्टे सोडल्यानंतर फिके पडतात वा नाहीसे होतात. शिवाय घरातील मुलीबाळींसमोरचे उदाहरण बदलते.

कोणी काय करावे?

गृहिणींनी आरशासमोर, चांगल्या उजेडात, महिन्यातून एकदा स्वतःचे तोंड पाहावे. घासून न जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, गाठ, किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांतून करण्यात आली आहे. तिचा लाभ घ्यावा. घरात गर्भवती असेल, तर डबी त्याच दिवशी घराबाहेर जावी. सूनबाईंना हे सांगण्याचे काम सासूबाईंनी केले, आणि स्वतःची डबीही बंद केली, तर त्याहून चांगला उपदेशक मिळणार नाही.

शिक्षकांनी हा विषय दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत तव्याखालची काजळी पांढऱ्या कागदावर घासून दाखवावी व अर्धवट ज्वलनाने काय निर्माण होते ते समजावून द्यावे. दुसऱ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी वा गल्लीत तंबाखू कोणकोणत्या नावांनी वापरली जाते, याची नावे न लिहिता यादी करावी. घरातील कोणाची निंदा होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. मूल घरी जाऊन आजीशी भांडले, तर पाठ फुकट गेला असे समजावे. त्याने आजीला तोंड तपासून घेण्यास राजी केले, तर पाठ यशस्वी झाला.

आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि ग्रामसेवक यांनी तंबाखूची विचारणा करताना ‘आपण तंबाखू खाता काय?’ एवढेच विचारू नये. मशेरी लावणारी स्त्री या प्रश्नास प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देते, कारण ती खात नाही, लावते. ‘ताई, सकाळी दात कशाने घासता?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. गुजरातेतील मराठी वस्तीत मशेरीबरोबर बजर आणि मावा यांचीही नावे घेऊन विचारावे. प्रश्न चुकला की नोंद चुकते, आणि नोंद चुकली की रोग लपतो.

समारोप

डॉ. खानोलकरांच्या १९४५ च्या निबंधापासून आजपर्यंत मुंबईच्या प्रयोगशाळेत, पुणे व भावनगरच्या खेड्यांत आणि अहमदाबादच्या संस्थेत जे संशोधन झाले, त्यातून तंबाखूच्या विषाची जात ओळखली गेली, तिचे माप ठरले आणि कायदा उभा राहिला. सार्वजनिक पैशातून झालेले हे ज्ञान जनतेचे आहे, आणि ते जनतेच्या घरापर्यंत पोहोचविण्याचे काम शिक्षक, आरोग्यसेवक आणि प्रसिद्धी यंत्रणा यांचे आहे. दुकानातील पुडी तपासणे शासनाला शक्य आहे. तव्यावरची तंबाखू भाजावयाची किंवा नाही, हा निर्णय मात्र घडियाळी पोळेतील घरात आणि महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघरातच व्हावयाचा आहे. तो विचारपूर्वक व्हावा, एवढ्यासाठी ही माहिती येथे दिली आहे.